युकुलेले घेताना: तारा कोणत्या निवडाव्यात आणि वाद्य कसं तपासावं

मराठवाड्यातल्या वाद्यांच्या दुकानांत पखवाज, ढोलकी, टाळ आणि पेटीचा मान मोठा. युकुलेले, म्हणजे गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटं वाद्य, असलंच तर गिटारींच्या रांगेत एखाद-दुसरं टांगलेलं असतं आणि बहुतेकदा ते रंग बघूनच घेतलं जातं. पण त्याच दुकानात पेटी असते, आणि युकुलेलेचा सूर तपासायला पेटीसारखं साधन नाही. दुकानदाराला सांगून एक पेटी शेजारी ठेवून घ्या.

युकुलेलेच्या चार तारा जी, सी, ई, ए अशा लावतात. पेटीवर पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा. पांढरी एक हा सा धरला की तुमच्या हनुवटीच्या बाजूने खाली मोजत प, सा, ग, ध. भजनात बसणाऱ्या माणसाला हे एकदा कळलं की निम्मी भीती जाते.

आधी ठरवा, वाजवायचं काय आहे

तारांची निवड इथूनच सुरू होते. नेहमीच्या जुळणीत वरची प-ची तार मध्य सप्तकातली असते, म्हणजे सा-पेक्षा उंच. त्यामुळे वाद्यातला सगळ्यात खालचा स्वर सा. गाण्याला कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांची, साथ द्यायची असेल तर हीच जुळणी घ्या. युकुलेलेचा तो खुळखुळता, हलका आवाज तिच्यामुळेच येतो.

पण अभंग किंवा भावगीताची चाल एकेका स्वराने वाजवायची असेल तर अडचण येते. चाल सा-च्या खाली नी, ध, प असं उतरू लागली की वाजवायला तारच उरत नाही. अशा वेळी मंद्र प-ची जाड तार लावतात. दुकानात ‘लो जी’ म्हणून मागा. ही तार धातूचं वेष्टण असलेली मिळते आणि साधीही मिळते. वेष्टणाच्या तारेवर बोट सरकलं की चरचर ऐकू येते आणि ती लवकर झिजते. साधी तार जाड असल्याने नटमधली (नट म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाच थोडी रुंद करून घ्यावी लागते. माझं मत विचाराल तर पेटीवर चाल काढणाऱ्या घरात लो जीच शोभते.

तारेचा पदार्थ

नायलॉनचा आवाज मऊ, पण ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून पावसाळ्यात सूर जास्त हलतो. फ्लुरोकार्बन पाणी शोषत नाही. त्याची घनता नायलॉनच्या दीडपटीहून जास्त, म्हणून त्याच स्वराला तार बारीक लागते आणि आवाज खणखणीत, स्पष्ट येतो. तिसरा प्रकार नायलगट. अक्विला या इटालियन कंपनीने आतड्याच्या जुन्या तारांसारखा आवाज यावा म्हणून तो बनवला. पांढऱ्या, मोत्यासारख्या दिसणाऱ्या या तारा अनेक नव्या वाद्यांवर आधीच चढवलेल्या असतात. जून-जुलैत दमट आणि एप्रिल-मेमध्ये भाजून काढणाऱ्या आपल्या हवेत मी फ्लुरोकार्बनला पहिली पसंती देईन.

गिटारच्या पोलादी तारा मात्र साध्या युकुलेलेवर कधीही चढवू नका. १८७९ साली मदेइरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर हवाईला गेले. त्यांच्यासोबत गेलेल्या छोट्या वाद्यातून युकुलेले घडलं ते आतड्याच्या तारांसाठी. त्याची बांधणी हलकी असते. पोलादाचा ताण आला की ब्रिज, म्हणजे वाद्याच्या पोटावर तारा बांधतात ती पट्टी, उखडून येतो.

आकार

सोप्रानो साधारण २१ इंच, कॉन्सर्ट २३, टेनर २६ आणि बॅरिटोन ३० इंचांच्या आसपास. लहान मुलाला सोप्रानो, जाड बोटांच्या माणसाला कॉन्सर्ट किंवा टेनर. लो जी टेनरवर सगळ्यात चांगली वाजते, सोप्रानोवर ती दबते. बॅरिटोनची जुळणीच वेगळी, डी, जी, बी, ई, म्हणून त्याचा तारांचा संच वेगळा मागायचा. पाकिटावर आकार लिहिलेला असतो, तो वाचूनच पैसे द्या.

हातात घेऊन तपासणी

आता खरं काम. घाई करू नका, आणि दुकानदाराने वाजवून दाखवलं म्हणून भुलू नका. सरावाचा हात वाईट वाद्यातूनही गोड काढतो.

पेटीवर सूर लावून घ्या. नव्या तारा ताणत असतात, त्यामुळे दोन मिनिटांत सूर उतरला तर तो दोष नाही. पण खुंटी पिळल्यावर ती डोळ्यांदेखत उलटी फिरत असेल तर वाद्य बाजूला ठेवा.

मग सी कॉर्ड वाजवा: फक्त ध-ची तार तिसऱ्या पडद्यावर (पडदे म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबून. गोड वाटेल. लगेच एफ कॉर्ड वाजवा: प-ची तार दुसऱ्या पडद्यावर, ग-ची पहिल्या. सी गोड आणि एफ कडवट लागला तर नट उंच आहे असं समजा. तार फार वर असली की पहिल्या पडद्यावर दाबताना ती ताणली जाते आणि स्वर चढतो. खात्रीसाठी ग-ची तार पहिल्या पडद्यावर दाबून पेटीची पांढरी चार धरा. दोन्ही स्वर एकमेकांत मिसळले पाहिजेत. स्वर चढा येत असेल तर नट घासून द्याल का, हे विचारा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

त्यानंतर बारावा पडदा. मोकळ्या तारेचा स्वर सा धरला, तर बाराव्या पडद्यावर तिचाच तार सा यायला हवा. चारही तारांवर हे बघा. इथे फरक जाणवला तर ते सहसा दुरुस्त होत नाही. दुसरं वाद्य मागा. बाराव्या पडद्यावर तारेची उंची अडीच-तीन मिलिमीटर असावी.

चार तारा, बारा पडदे, एकूण ४८ स्वर. सगळे एकेक वाजवा. कुठेही झणझण नको.

शेवटी डोळे आणि बोटं. मानेच्या कडेवरून बोट फिरवा. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं, धातूचे पडदे आकसत नाहीत, आणि त्यांची टोकं बोटाला टोचायला लागतात. मुंबईच्या दमट हवेतून आलेलं वाद्य मे महिन्यात परभणी-नांदेडला असं हमखास टोचतं. ब्रिजच्या मागे कागदाची कड सरकवून बघा. ती आत शिरली तर डिंक सुटलाय. अखंड लाकडाचं वाद्य आवाजाला सरस असतं, पण पत्र्याखालच्या खोलीत त्याला तडा जायची भीती जास्त. पहिलं वाद्य म्हणून थरांचं, म्हणजे लॅमिनेट, घेतलेलं बरं.

ऑनलाइन मागवायचं असेल तर

जवळ दुकान नसेल तर हाच मार्ग उरतो. विक्रेत्याकडे प्रत्येक पडदा वाजवलेला व्हिडिओ मागा, खोकं उघडताना स्वतः व्हिडिओ काढा आणि वरच्या सगळ्या तपासण्या घरी त्याच दिवशी करा. पेटी नसेल तर मोबाइलवरचा ट्यूनर चालेल. नव्या तारांचा संच सोबत मागवला असला, तरी वाद्य परत करायची मुदत संपेपर्यंत कंपनीच्या तारा काढू नका. नंतर बदलताना एक काढून एकच चढवा, आणि चार-पाच दिवस रोज सूर लावत राहा.