पॅरिशच्या शाळेत ॲडमिशन झालं, आता पुढचं घरच्यांनी कसं करायचं

पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या कॅथलिक चर्चच्या, शाळेत ॲडमिशन झालं, युनिफॉर्म आला की बऱ्याच आईवडिलांना वाटतं चला सुटलो, आता धर्माचं शाळा बघेल, फादर आहेत सिस्टर आहेत कॅटेकिझमचा (धर्मशिक्षणाचा) तास आहे, अजून काय पाहिजे. तसं नसतं हो. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये शिक्षणावर जे घोषणापत्र काढलं त्यातच सरळ म्हटलंय की मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईबापच. शाळा मदतीला आहे, तुमच्या बदली नाही. तेव्हा शाळेकडून काय घ्यायचं आणि घरी काय करायचं ते सांगतो.

आधी रविवार. शाळेत आठवड्यात मिस्सा (फादर चालवतात ती मुख्य उपासना) झाली म्हणजे रविवारची माफ, हा गैरसमज फार ठिकाणी ऐकलाय. माफ होत नाही. रविवारी अगदीच अडलं तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा धरली जाते, पण बुधवारची किंवा शुक्रवारची नाही. आणि जमत असेल तर शाळा ज्या चर्चची आहे तिथेच जा, कारण वर्गातली पोरं आणि बाई पुढच्या बाकावर दिसल्या की मुलाला आपोआप कळतं की शाळेत सांगतात ते नुसतं शाळेपुरतं नाहीये, मोठी माणसंही ते करतात, तेही सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून!

शनिवारी रात्री दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेतलं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, घरात मोठ्याने वाचा. पाच मिनिटांचं काम. रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं, शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी एक वर्ष मुख्यतः मत्तय, मग मार्क, मग लूक, योहान अधूनमधून येतो, आणि नवीन वर्ष जानेवारीत नाही तर ॲडव्हेंटच्या (नाताळच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी सुरू होतं. वाचून झालं की प्रवचन देत बसू नका, एकच विचारा, यात तू कोण असतास? उधळ्या पुत्राच्या गोष्टीला (पैसे उडवून परतलेल्या धाकट्याला बाप जवळ घेतो, थोरला रुसतो) हे विचारून बघा, घरात दोन भावंडं असतील तर थोरल्या भावाची बाजू घेऊन तावातावाने भांडणारं एक तरी निघतंच, आणि मग जी चर्चा होते ती कुठल्या पुस्तकात नसते.

शाळेच्या मिस्सेत वाचनाची पाळी आली तर कागद आधीच मागून घ्या, आदल्या रात्री नको. बायबलमधल्या पौलाच्या पत्रांतली वाक्यं लांबलचक असतात, मुलाचा दम अर्ध्यात संपतो आणि मग ते पळत सुटतं, कोणाला काही कळत नाही. पेन्सिलीने बारीक रेघ मारून द्या कुठे थांबायचं ते. ती पत्रं ज्यांना लिहिली त्यांची करिंथकर, थेस्सलनीकाकर असली नावं चारपाच वेळा बोलून घ्या. आणि रिकाम्या चर्चमध्ये एकदा नेऊन माईकपुढे उभं करा, तोंड माईकपर्यंत पोचतंय का तेवढं बघा, पायाखाली पाट लागणार असेल तर तो तेव्हाच कळलेला बरा.

आता कन्फेशन, म्हणजे फादरपुढे एकट्याने आपली पापं कबूल करणं, इथे जरा थांबतो. पहिल्या कम्युनियनच्या (मिस्सेत पवित्र भाकर घेण्याच्या) आधी पहिलं कन्फेशन असतं. वय साधारण सात, समज आलेली असली की पुरे, हे पोप दहाव्या पायसनी 1910 मध्येच ठरवून दिलंय. पण पॅरिशच्या शाळेत एक वेगळीच अडचण असते, कन्फेशन ऐकणारे फादर बऱ्याचदा शाळेचेही प्रमुख असतात. मुलाच्या डोक्यात येतं की मी कॉपी केली हे सांगितलं तर उद्या ऑफिसात बोलावणार. मनात येतं पण विचारत नाही. म्हणून तुम्हीच आधी स्पष्ट सांगा की फादर हे कोणालाच सांगू शकत नाहीत, बाईंना नाही, प्रिन्सिपलना नाही, आईबाबांनाही नाही, तशी त्यांना मुभाच नाही. आणि बाहेर आल्यावर 'काय काय सांगितलंस?' हे विचारायचं नाही, गमतीतसुद्धा नाही. त्यापेक्षा स्वतः त्याच रांगेत उभे राहा. आईबाप वर्षानुवर्षं कन्फेशनला गेलेले नाहीत आणि मुलाला ढकलतात, मुलं हे बरोबर हेरतात.

लेंटचं, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचं, पटकन सांगतो. मांस वर्ज्य करायचा नियम 14 वर्षं पूर्ण झाल्यापासून, उपवासाचा 18 पूर्ण झाल्यापासून ते साठावं लागेपर्यंत, त्यामुळे लहान मुलांवर सक्ती नाही, उपाशी ठेवू नका. पण काहीतरी स्वतःहून सोडू द्या, आणि ते मुलानेच ठरवलेलं असू दे. वर्गात कोणी काय सोडलं याची स्पर्धा लागते, ती घरी आणू नका.

शाळेबद्दल तक्रार असेल तर? असणारच. आणि ती सगळ्यात आधी कुठे जाते, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. रात्री एकाने लिहायचं, सकाळपर्यंत पन्नास मेसेज, आणि त्या बाई रविवारी चर्चमध्ये तुमच्या शेजारच्या बाकावर. मत्तयच्या 18व्या अध्यायात येशूने क्रम दिलाय, आधी त्या माणसाशी एकट्याने बोल, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीपुढे ने. शाळेत हा क्रम जसाच्या तसा चालतो, आधी बाई, मग सुपरवायझरना सोबत घेऊन, मग प्रिन्सिपल आणि फादर. एक गोष्ट मात्र या क्रमात बसत नाही, मुलाला मारहाण किंवा छेडछाड झाली असेल, समोर कोणीही असो, तिथे एकांतात समजूत वगैरे काही नाही, सरळ पोलिसांकडे आणि धर्मप्रांताकडे (बिशपच्या कार्यालयाकडे) तक्रार.

वर्गात कॅथलिक नसलेली मुलंही असतात. मिस्सेला ती बसतात पण कम्युनियन घेत नाहीत, काही ठिकाणी छातीवर हात दुमडून आशीर्वादाला पुढे येतात. आपल्या मुलाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते मित्राला सगळ्यांदेखत 'तुला चालत नाही' म्हणून अडवणार. अडवणं त्याचं काम नाही. मित्राने विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गप्प बसायचं.

आणि सुट्टी लागली की घरची प्रार्थनाही सुट्टीवर जाते, हे बहुतेक घरांत होतं. मोठी रोझरी (जपमाळेवरची प्रार्थना) झेपत नसेल तर एकच दशक म्हणा, एक 'हे आमच्या पित्या', दहा 'नमो मारिया' आणि शेवटी त्रैक्याची स्तुती, झालं. वेदीसेवक (मिस्सेत फादरना मदत करणारी मुलं) किंवा कॉयरसाठी नाव द्यायचं असेल तर तेही सुट्टीतच द्या, तेव्हा शिकवणाऱ्यांनाही सवड असते आणि मुलाच्या मागे परीक्षा नसते.