जोराच्या उलटीनंतर रक्त पडल्यास काय करावे

वारंवार किंवा फार जोराने उलट्या होऊन त्यांत रक्त दिसू लागले, तर अन्ननलिकेला इजा झाल्याची शंका घ्यावी. बहुधा ती आतल्या अस्तराची चीर असते आणि तिच्यातील रक्तस्राव बहुतेक रुग्णांत आपोआप थांबतो. क्वचित मात्र अन्ननलिकेची भिंत आरपार फाटते. हर्मन बोरहाव्ह या डच वैद्याने १७२४ मध्ये वर्णन केलेल्या या प्रकारात रक्त अगदी थोडे पडू शकते. जीव धोक्यात येतो तो पोटातले अन्न व आम्ल छातीच्या पोकळीत उतरल्यामुळे. म्हणून रक्ताच्या प्रमाणावरून इजेचा अंदाज बांधू नये.

उलटीपाठोपाठ छातीत किंवा पाठीत असह्य कळ येणे, धाप लागणे, मानेची त्वचा फुगून दाबल्यावर कुरकुरणे, ही भिंत फाटल्याची लक्षणे होत. आपल्याकडे ‘पित्त झाले’ म्हणून लगेच लिंबू-सोडा किंवा थंड दूध दिले जाते, पण येथे पाण्याचा घोटही देऊ नये. रुग्णाला चक्कर येत असल्यास किंवा रक्त पडतच असल्यास डाव्या कुशीवर निजवावे, धाप लागत असल्यास टेकून बसवावे आणि १०८ वर फोन करावा. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याकडून येणाऱ्यांनी सकाळची वाट पाहू नये. सोलापुरात सिव्हिलमध्ये किंवा शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात थेट न्यावे.

तेथे पोहोचल्यावर ‘आधी उलटी झाली, मग छातीत दुखू लागले’ हा क्रम स्पष्ट सांगावा. माझ्या मते नातेवाइकांच्या हातात असलेली ही सर्वांत मोलाची मदत आहे, कारण हे दुखणे हृदयविकाराच्या झटक्यासारखे भासते आणि त्या समजुतीने रक्त पातळ करणारे औषध दिले गेल्यास रक्तस्राव वाढतो. रुग्ण अशा गोळ्या आधीपासून घेत असेल, तर तेही सांगावे.

पुढे तोंडाने काहीही न देता सलाइन, शिरेतून प्रतिजैविके व आम्ल कमी करणारी औषधे सुरू होतात, गरजेप्रमाणे रक्त चढवतात आणि सीटी स्कॅनने फाट शोधतात. नुसती चीर असल्यास दुर्बिणीतून क्लिप लावून रक्त थांबवता येते. भिंत फाटली असेल, तर शस्त्रक्रियेने टाके घालतात किंवा निवडक रुग्णांत आतून फाट झाकणारी जाळीची नळी (आच्छादित स्टेंट) बसवतात, आणि छातीत साठलेला द्रव नळीने काढतात. हे उपचार पहिल्या २४ तासांत झाल्यास वाचण्याची शक्यता बरीच अधिक असते.