कंदीलपुष्पं बघायला ठाण्याहून कोल्हापूरला

विद्यापीठाची बाग बघायची असेल तर आधी तारीख ठरवू नका, आधी झाड ठरवा. मला हे मे महिन्यात कळलं. भाच्याला सुट्टी होती म्हणून आम्ही नौपाड्यातून निघून कोल्हापूर गाठलं, शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाची बाग बघायला. ज्या कंदीलपुष्पांसाठी, म्हणजे कंदिलासारखं फूल येणाऱ्या सह्याद्रीतल्या झाडांसाठी, गेलो त्यांच्या कुंड्यांत नावाची पाटी आणि कोरडी माती, एवढंच. कंद मातीखाली झोपलेला. बहुतेक कंदीलपुष्पं पावसाबरोबर उगवतात, फुलतात आणि पाऊस सरला की वरचं सगळं वाळून जातं. भाचा परतीच्या गाडीत बोललाच नाही.

तेव्हा जायचं ते जुलै अखेर ते सप्टेंबर. त्यातही गणपती-गौरीच्या सुट्ट्या कॅलेंडरवर बघून घ्या आणि आठवड्यातला कामाचा वार धरा.

मग विभागप्रमुखांना पत्र किंवा ईमेल. ही बाग फिरायला काढलेली नाही, तिथे काम चालतं. प्रा. एस. आर. यादव यांनी सह्याद्रीतल्या या झाडांवर वर्षानुवर्षं काम केलंय, आणि कित्येक जाती इतक्या विरळ आहेत की एक कुंडी लवंडली तरी जीव हळहळेल. पत्रात चार गोष्टी लिहा: किती जण, कोणता दिवस, काय बघायचंय, सोबत मुलं आहेत का. 'बाग बघायची आहे' एवढंच लिहू नका. दुसऱ्या वेळी मी 'कंदीलपुष्पं फुलली असतील तेव्हाच यायचंय' असं लिहिलं, आणि संशोधन करणारी एक मुलगी तासभर आमच्यासोबत फिरली.

गाडीचं सोपं आहे. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस कल्याणहून पकडायची, सकाळी कोल्हापूर. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी करून टाका. विद्यापीठापर्यंत रिक्षा मिळते.

सोबत घ्यायची खरी वस्तू म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग. निघायच्या आधी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात एक सकाळ घालवा. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल, कुड्याच्या पानाचा देठ मोडल्यावर येणारा पांढरा चीक असं नीट बघायची डोळ्याला सवय लागते. नाहीतर बागेत माणूस नुसत्या पाट्या वाचत सुटतो.

फुलापाशी पोचलात की घाई करू नका. खाली फुगीर घडा, त्यावर नळी, आणि वर पाच पाकळ्यांची टोकं जुळून झालेला कंदील. लिनियसने १७५३ मध्ये या वंशाला सेरोपेजिया म्हटलं, म्हणजे मेणाचं कारंजं. मला आपलं कंदीलपुष्पच आवडतं. भिंगातून नळीत बघा. आत खाली वळलेले केस असतात. चिलट आत उतरतं, पण केसांमुळे त्याला वर येता येत नाही. पुढे केस कोमेजतात तेव्हा त्याची सुटका होते, आणि सोंडेला चिकटलेले परागपुंज घेऊन ते दुसऱ्या फुलात शिरतं. भाच्याने खिशातला पांढरा कागद फुलामागे धरला तेव्हा घड्यात हलणारा काळा ठिपका आम्हाला दिसला. तो कागद नक्की न्या, फोटोही त्यावर स्वच्छ येतो. आधी पाटीचा फोटो, मग फुलाचा, म्हणजे घरी आल्यावर नावांचा गोंधळ होत नाही.

फुलाला बोट लावू नका. बी, कंद, फांदी काहीही मागू नका. हे कंद खाता येतात, म्हणून डोंगरात ते उकरले जातात आणि झाड तिथून संपतं. रानात कुठे कंदीलपुष्प दिसलंच तर फोटोसोबत जागेचं नाव टाकू नका. आम्ही परतल्यावर आमचे फोटो त्या मुलीला पाठवले. त्या काळ्या ठिपक्याचा फोटो तिने मोठ्या आकारात मागून घेतला.