हॅरॉड्सच्या खाद्यदालनांत पहिल्यांदा जाताना

लंडनला मुलाकडे किंवा स्विंडनला भावाकडे गेलेल्या गोवेकराला कोणी ना कोणी लंडनमधले हॅरॉड्स हे मोठे दुकान दाखवायला नेतेच. तेथील खाद्यदालने पाहण्याची रीत मात्र म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचीच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे: पहिली फेरी रिकाम्या हातांनी मारावी, पिशवी दुसऱ्या फेरीत उघडावी.

हे दुकान नाइट्सब्रिज भागात ब्रॉम्प्टन रोडवर असून हीथ्रो विमानतळावरून पिकॅडिली लाइन या भुयारी रेल्वेने, गाडी न बदलता तेथे पोहोचता येते. स्विंडनकरांना लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावर उतरून पुढे भुयारी रेल्वे धरावी लागते. शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी १० वाजता, दार उघडतानाच जावे. रविवारी कायद्याने मोठ्या दुकानांना सहाच तास विक्रीची मुभा असल्याने वेळ कमी मिळतो.

खाद्यदालने तळमजल्यावर आहेत. पहिल्या फेरीत नजर काचेच्या कपाटांत अडकू न देता भिंतींकडे व छताकडे न्यावी. पूर्वीच्या मांसदालनात, जेथे आता बसून जेवता येते, डब्ल्यू. जे. नीटबी या कलावंताने १९०२-०३च्या सुमारास डौल्टन या चिनीमातीच्या वस्तूंच्या कंपनीत घडवलेल्या टाइल्स आहेत. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतील निळे आझुलेज (पोर्तुगीज धाटणीच्या चित्रित टाइल्स) ज्याने पाहिले आहेत, त्याने या रंगीत टाइल्सवरील शिकारीच्या व पशुपक्ष्यांच्या चित्रांपुढे पाच मिनिटे तरी उभे राहावे, कारण खाण्याच्या जिनसा पुढे कोठेही मिळतील, या भिंती मिळणार नाहीत.

चीज, ऑलिव्ह यांसारखे पदार्थ वजनावर घेताना कापण्यापूर्वीच १०० ग्रॅमचा भाव विचारावा. घासाघीस चालत नाही, पण थोडेच मागण्यात संकोच नसावा. घरी शाकाहारी माणसे असतील तर मिठाईच्या वेष्टनावर जिलेटिन (प्राण्यांपासून काढलेला पदार्थ) आहे का, हे वाचून घ्यावे. २०२१पासून तेथे पर्यटकांना सामानासोबत नेलेल्या खरेदीवरील व्हॅट परत मिळत नाही, हेही हिशेबात धरावे.

भेट म्हणून चॉकलेटपेक्षा चहा बरा. मे महिन्यात चॉकलेट दाबोळी विमानतळाहून घरी पोहोचेपर्यंत विरघळते. शिवाय संस्थापक चार्ल्स हेन्री हॅरॉड हे किराणा व चहाचे व्यापारी होते, त्यामुळे चहा ही या दुकानाची जुनी ओळख आहे. हॅरॉड्सच्या १४ क्रमांकाच्या चहामिश्रणात दार्जिलिंग, आसाम, सिलोन आणि केनियाचा चहा असतो. तो आपल्यासारखा दुधासाखरेत उकळू नये. चहाच्या पानांवर कढत पाणी ओतून तीन-चार मिनिटे झाकून ठेवावे आणि दूध नंतर घालावे. मुरांबा किंवा मध घेतल्यास तो हातातल्या बॅगेत न ठेवता चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून ठेवावा. चहाचा डबा घरी उघडल्यावर चमचा कोरडाच वापरावा आणि झाकण घट्ट लावावे, कारण आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत चहाचा वास आठवड्याभरात उडतो.