गरम वरण पिशवीत बांधू नका

लातुरात मी 19 वर्षं शिकवणीच्या पोरांना डबे देते. त्यातली 12 वर्षं वाफाळतं वरण न् तर्रीचा रस्सा पातळ पिशवीत ओतून, वर रबर लावून दिला. पिशवी हातात मऊ पडायची, वरणाला वास यायचा. मालकांना शुगर निघाली तेव्हा कुठं मी याची चौकशी केली. खानावळ चालवणाऱ्या बायांनो, तुमच्यासाठी लिहिते.

कडक, काचेसारख्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकमधून बिस्फेनॉल ए नावाचं रसायन अन्नात उतरतं, मऊ पीव्हीसी प्लास्टिकमधून थॅलेट नावाचं. दोन्ही शरीरातल्या संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) कामात ढवळाढवळ करतात. अमेरिकेत 1,455 प्रौढांच्या लघवीची तपासणी 2008 मध्ये छापून आली. ज्यांच्यात बिस्फेनॉल जास्त, त्यांच्यात मधुमेहही जास्त. प्लास्टिकनंच शुगर होते हे त्यातून सिद्ध होत नाही, म्हणून गोळ्या, पथ्य, चालणं सोडू नका. पण पोटात गेलेलं बिस्फेनॉल बहुतेक दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. रोज पोटात जाणं थांबवलं की अंगातलं त्याचं प्रमाण लगेच उतरतं.

आधी रस्सा पिशवीतून सोडवा. थॅलेट तेलात चटकन उतरतं, न् आपल्या रश्श्यावर तेलाचा थर असतोच. शिवाय ती पिशवी कशाची, कितव्यांदा वितळवलेली, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. स्टीलचा डबा घ्या. वरण खालच्या पुडात, काठापासून दोन बोटं कमी भरा, म्हणजे सांडत नाही. लोणचं चिनी मातीच्या बरणीत.

मग पाण्याचा जार. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यापासून जार आमच्या ओट्याशी आहे. जार उलटा करून बुडाचा त्रिकोण बघा. 7 आकडा किंवा पीसी अक्षरं असली तर तो बहुधा पॉलिकार्बोनेटचा. असा जार उन्हात ठेवू नका, कढत पाण्यानं विसळू नका, ओरखडे पडलेला असेल तर परत करा. आला की लगेच माठात ओता.

खर्चाचं म्हणाल, तर मी पोरांकडून डब्यामागं 200 रुपये अनामत घेते. भांड्याच्या दुकानातून प्रत्येक पुडावर नाव टाकून आणलंय, झाकणावरसुद्धा, कारण हरवतं ते झाकणच. परीक्षा संपून पोरगं गावी निघालं की आधी डबा मोजून घ्या, मग पैसे द्या.