बाळाचे पहिले बूट घेताना

घरात बाळाला अनवाणीच चालू द्या, पावलं त्यानेच बळकट होतात. बूट लागतात ते बाहेर पडताना. खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. बाळाला उभं करूनच माप बघा. बसलेल्या बाळाचा पाय आखडलेला असतो. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण 1 सेंटीमीटर जागा हवी. बुटाचा तळवा बोटांपाशी हाताने सहज वाकायला हवा, टाच मात्र घट्ट धरलेली असावी. ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून मोठे बूट अजिबात घेऊ नका, बाळ अडखळून पडतं. घरी आल्यावर मोजे काढून पाहा: लाल वळ दिसले तर बूट लगेच बदलून आणा. पुढे दर 2-3 महिन्यांनी माप तपासा.