आधी खिडकी पाहा, मग झूम

पक्ष्यांचे फोटो काढायचा माझा जुना कॅमेरा पाच वर्षं चालला आणि एका उन्हाळ्यात गेला. सुरू केला की लेन्स अर्धी बाहेर यायची, कर्र आवाज करायची आणि तिथंच अडकायची. दुरुस्तीचा आकडा ऐकून नवाच घ्यावा असं ठरवलं आणि घाई केली. झूम मोठा, किंमत बेताची, म्हणून एक छोटा कॅमेरा मागवला. त्याला डोळा लावून पाहायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, नव्हता.

जानेवारीत गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधच्या तलावावर गेलो. सकाळचे नऊ, पाण्यावरून ऊन थेट तोंडावर, समोर पट्टकादंबांचा थवा उतरलेला. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर मला माझ्याच शर्टाच्या चौकड्या दिसत होत्या. हाताचा आडोसा केला, टोपी धरली, तोवर थवा उठला. त्या सकाळचा एकही फोटो धड नाही. महिन्याभरात तो कॅमेरा विकला.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गावांतून रोज दुचाकीवर फिरणं, आणि रस्त्यात तलाव, बोड्या, धानाच्या बांध्या. पक्षी मला कामाच्या वाटेवरच भेटतात. दुसऱ्यांदा चूक नको म्हणून पुढचे दोन महिने मी फक्त कॅमेरे पाहण्यात घातले. त्यातून जे कळलं ते सांगतो.

खिडकी का हवी? उन्हाचं कारण सांगितलंच. दुसरं कारण चाळिशी. मला लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं दिसत नाही. पडदा पाहायला चष्मा लावायचा, पक्षी पाहायला काढायचा, एवढ्यात खंड्या सूर मारून परत फांदीवर येतो. खिडकीशेजारी एक बारीक चाक असतं. ते फिरवून आपल्या नंबराप्रमाणे खिडकी जुळवता येते, मग चष्म्याची गरज उरत नाही. जुळवताना पक्ष्याकडे पाहू नका. खिडकीत खाली दिसणारे आकडे काठोकाठ स्पष्ट होईपर्यंत चाक फिरवा. आणि तिसरं, कॅमेरा कपाळाला टेकला आणि दोन्ही कोपरं बरगड्यांना लागली की हात स्थिर होतो. लांब झूमला हे तिपाईच्या निम्मं काम करतं.

म्हणून दुकानात गेल्यावर झूम विचारू नका, आधी डोळा लावा. मी नागपूरच्या सीताबर्डीला गेलो तेव्हा दुकानदार काचेच्या पेटीवरच कॅमेरा दाखवत होता. मी म्हटलं, "भाऊ, जरा बाहेर उन्हात नेऊन पाहू द्या जी." त्यानं बॅटरी घालून दिला, सोबत पोरगा पाठवला. रस्त्यावरच्या तारेवर कबुतरं होती. एक उडालं की त्याच्यामागं कॅमेरा फिरवायचा. काही खिडक्यांत चित्र मागं रेंगाळतं, पक्षी पुढं जातो आणि आपण रिकामं आभाळ पाहत राहतो. एकामागून एक फोटो काढताना खिडकी काळी पडते का, किती वेळ, तेही तिथंच कळतं. खिडकीच्या बारकाईचा आकडा ठिपक्यांत देतात. निकॉन पी९०० ला ९.२१ लाख ठिपके होते, २०२० च्या पी९५० ला जवळपास २३.६ लाख. कागदावर हा आकडा रुक्ष वाटतो, पण गवतात बसलेली तुतवार दिसते की नाही हे त्याच्यावरच ठरतं. चष्मा लावूनच पाहणार असाल तर चारही कोपरे दिसतात का ते बघा. कोपरे कापले जात असतील तर तो कॅमेरा तुमच्यासाठी नाही, कितीही चांगला असो.

नाव चुकवू नका, हेही सांगतो. एकाच कंपनीचे दोन सारखे दिसणारे कॅमेरे असतात, एकाला खिडकी, दुसऱ्याला नाही. निकॉन झेड५० ला आहे, झेड३० ला नाही. सोनीच्या झेडव्ही-ई१० ला नाही. ऑनलाइन घेताना फोटोत कॅमेऱ्याची पाठ बघा.

आता झूम. ८३ पट, १२५ पट हे आकडे फसवे आहेत, कारण ते कुठून मोजले त्यावर अवलंबून असतात. मिलिमीटर विचारा, तेही ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबानं. ही लेन्सची पोच, आकडा मोठा तितका पक्षी जवळ दिसतो आणि चौकट अरुंद होते. २००० मिलिमीटरला शंभर मीटरवरचा सुमारे पावणेदोन मीटर रुंद तुकडाच चौकटीत मावतो. सारस उभा राहिला तर जवळजवळ सहा फूट, म्हणजे तो आडव्या चौकटीत पूर्ण येतच नाही. ६०० मिलिमीटरला त्याच अंतरावर सहा मीटर रुंदी मिळते, अख्खी जोडी आरामात बसते. निकॉन पी१००० तर ३००० मिलिमीटरपर्यंत जातो, पण वजन चौदाशे ग्रॅमच्या वर, आणि एप्रिलमध्ये आमच्याकडे नऊनंतर जमिनीवरची हवा थरथरायला लागली की एवढा झूम फक्त थरथर मोठी करून दाखवतो.

घेण्याआधी मी जुन्या कॅमेऱ्यातले फोटो काढून बसलो. कोणता पक्षी, किती लांब, बसलेला की उडणारा, वहीत रेघा मारत गेलो. तुम्हीही एक संध्याकाळ हेच करा. माझ्या वहीत बसलेले, पोहणारे, लांबचे पक्षी फार निघाले. अडई, थापट्या, कमळपक्षी. त्यामुळे मी दुसऱ्यानं वापरलेला पी९५० विकत घेतला. त्याच्या लेन्सच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबून धरलं की झूम झटकन मागे येतो, हरवलेला पक्षी सापडतो, सोडलं की परत पुढे जातो. तलावावर याच्याइतकी उपयोगी गोष्ट मला दुसरी मिळालेली नाही. त्याचे दोषही तितकेच खरे. आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपून फोटो करणारा तुकडा, नखाएवढा आहे, सूर्य टेकला की फोटोत रव्यासारखे दाणे दिसतात. सलग दहा फोटो निघाले की तो ते साठवत बसतो आणि तेवढा वेळ बटण दाबून काही होत नाही.

तुमच्या वहीत वेडे राघू, घारी, सूर मारणारे खंड्या जास्त असतील तर माझ्या मागे येऊ नका. कॅननचा आर१० आणि त्याची १००-४०० लेन्स बघा. दोन्ही मिळून वजन एक किलोच्या थोडं वर, म्हणजे पी९५० एवढंच. पोच ६४० मिलिमीटरसारखी, सेन्सर दहापटीहून मोठा, आणि पक्ष्याचा डोळा तो स्वतः धरून ठेवतो. पैसे मात्र जास्त पडतात. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ हा या दोहोंच्या मधला आहे, २४ ते ६०० मिलिमीटर, एक इंची सेन्सर. परवडला तर उत्तम.

वापरलेला घेताना लेन्समध्ये मोबाइलची बॅटरी मारून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळीसारखे धागे दिसले की ती बुरशी, सोडून द्या. झूम दहा वेळा आत-बाहेर करा आणि कान लावा. खिडकीच्या कडेला डोळा नेला की पडदा बंद होऊन खिडकी आपोआप सुरू व्हायला हवी. मी पाहिलेल्या एका कॅमेऱ्यात ते होत नव्हतं, विकणारा म्हणाला, "बटण दाबा ना, चालते." पक्षी बटण शोधेपर्यंत थांबत नाही.

घेतल्यावर महिनाभर घराच्या अंगणात चिमण्या-साळुंक्यांवर हात बसवा. नजर पक्ष्यावरून न काढता कॅमेरा डोळ्यापाशी आणायचा, डोळा कॅमेऱ्यापाशी न्यायचा नाही. झूम आधी कमी, पक्षी मध्ये आला की वाढवायचा.

रोवणीच्या दिवसांत एका गावात गाय तपासायला गेलो होतो. बांधीत सारसाचं घरटं होतं. मी दोन पावलं पुढं टाकली तशी शेतमालकीण म्हणाली, "डॉक्टर, धुऱ्यावरूनच पाहा जी. जवळ जाल तं ते अंडे सोडून उठते." धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलो, कोपरं गुडघ्यांवर टेकवली, खिडकीला डोळा लावला. मादीनं चोचीनं अंडं फिरवलेलं मला दिसलं. इतक्या लांबून दिसलं.

शेवटचं, दुचाकीच्या डिक्कीत कॅमेरा ठेवू नका. माझा जुना त्या हादऱ्यांनीच खिळखिळा झाला असं मला वाटतं. आता तो टॉवेलात गुंडाळून पिशवीत, पिशवी छातीवर. पावसाळ्यात घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्यांचा रंग बदलला की वाळवून परत टाकायच्या.